बंडीवाचून रोडगे

वऱ्हाडात रोडग्यांचे जेवण घरच्या चुलीवर सहसा होत नाही. ते व्हावयाचे म्हणजे शेतात, मारुतीच्या पारापाशी, नदीकाठच्या महादेवाच्या आवारात किंवा यात्रेतील राहुटीपुढे. आणि व्हावयाचे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत. देवाला रोडगा वाहण्याची चाल महाराष्ट्राला जुनीच आहे. सोळाव्या शतकातील एकनाथांच्या भारुडातली गांजलेली सासुरवाशीण भवानीला रोडग्याचाच नवस बोलते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ह्या साध्या गोळ्यासाठी जे बिऱ्हाड हलवावे लागे, त्याचा विचार फारसा कोणी केला नाही. कारण ते बिऱ्हाड माणसे उचलीत नसत, बैल ओढीत असत.

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत ज्या घरांपुढे एकेकाळी बंडी उभी असे, त्या घरांपुढे आता दुचाकी उभी असते. बैलजोडी गेली, तिच्याबरोबर बंडी गेली आणि बंडीबरोबर रोडग्यांचे जेवणही जाते की काय, अशी वेळ पुष्कळ घरांवर आली आहे. घरातील वडीलधारी बाई म्हणते की, बहिरमबुवाचा नवस तीन वर्षे फेडावयाचा राहिला. मुलगा म्हणतो की, एवढे सामान एस. टी. त चढवावे कसे? अखेर कोणी यात्रेतील खाणावळीत जेवून परत येतो, कोणी सबंध मोटार भाड्याने करतो आणि बहुतेक जण पुढच्या वर्षावर ढकलतात. एका पिढीने ढकलले की दुसऱ्या पिढीला तो गोळा कसा वळतात हेच ठाऊक राहत नाही. म्हणून सामान किती अवश्य आहे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नव्हे.

बहिरमची यात्रा ह्या बाबतीत कसोटीची जागा आहे. अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यात, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी हे ठाणे आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात यात्रा भरते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. मातीच्या हंडीत शिजविलेले मटण आणि गोवऱ्यांत भाजलेले रोडगे ह्यांबद्दल तिची ख्याती आहे. तेथे बक्षिसाची स्पर्धा कोणी जाहीर करीत नाही. पण शेजारच्या राहुटीतील हंडीचा वास आला की, आपल्या हंडीचे झाकण किंचित उचलून पाहिल्यावाचून कोणासही राहवत नाही. चढाओढ म्हणतात ती हीच. बडनेऱ्याहून अमरावती दहाएक किलोमीटर, तेथून परतवाडा सुमारे पन्नास, आणि पुढे बहिरम. म्हणजे दोन वेळा तरी गाडी बदलावयाची, आणि प्रत्येक वेळी सारे सामान उतरवून पुन्हा चढवावयाचे. जे ओझे दोन हातांनी एका दमात उचलता येत नाही, ते ह्या प्रवासाला निरुपयोगी, असे खुशाल समजावे.

हीच अडचण सातासमुद्रापलीकडे निराळ्या रूपाने उभी राहिलेली आहे. अमेरिकेत निखाऱ्यांवर व धुरावर मांस भाजण्याच्या मोठ्या स्पर्धा होतात. मेंफिस शहरातील स्पर्धा १९७८ साली सुरू झाली, आणि कॅन्सस सिटीची ह्या विषयाची संस्था १९८५ साली स्थापन झाली. तेथील हौशी मंडळी घराएवढ्या लोखंडी भट्ट्या चाकांच्या गाड्यावर घालून मोटारीमागे ओढून नेतात. परंतु कॅन्सस सिटीच्या नियमांप्रमाणे परीक्षक एका मेजाशी सहा असतात, आणि प्रत्येक प्रकारचे निदान सहा तुकडे त्यांच्यापुढे ठेवले की काम भागते. सहा तुकड्यांसाठी गाडाभर लोखंड कशाला, असा प्रश्न काहींना पडला, आणि ते लहानशा झाकणाच्या शेगडीवर येऊन ठेपले. ती शेगडी शिकागोच्या एका लोखंडी कारखान्यातील जॉर्ज स्टीफन नावाच्या कामगाराने १९५२ साली काढली. कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयांसाठी पोकळ लोखंडी गोळे तयार होत. त्यातला एक गोळा त्याने मधोमध कापला; खालच्या अर्ध्यात निखारे, वरचा अर्धा झाकण, आणि हवा आत-बाहेर जाण्यास थोडी भोके. आच किती हवी ती हवेच्या भोकांवर ठरावयाची. लोखंडाच्या जाडीवर किंवा गाड्याच्या लांबीवर नव्हे. आपल्याकडील म्हाताऱ्या बायांना हे तत्त्व पूर्वीपासून ठाऊक होते. फरक इतकाच की त्यांचे झाकण राखेचे असे.

ते कसे, हे समजण्यासाठी रोडगा म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. गव्हाचे पीठ पोळीसारखे बारीक नको; जरा रवाळ हवे. त्यात मीठ, ओवा, थोडी हळद आणि तेलाचे कडकडीत मोहन घालून ते घट्ट भिजवितात. मग लहान-मोठ्या तीन-चार पाऱ्या करून, प्रत्येकीला तेल लावून, एकीत एक अशा मिटवितात आणि शेवटच्या मोठ्या पारीने सारे झाकून गोळा वळतात. आतील तेलामुळे पदर सुटतात. हा गोळा प्रथम निखाऱ्यावर फिरवून त्याची साल धरू द्यावयाची आणि नंतर गरम राखेत पुरावयाचा. साल धरण्यापूर्वी पुरला तर राख कणकेला चिकटते. आणि नुसत्या निखाऱ्यावरच ठेवला तर वरून कोळसा व आतून कच्चा राहतो. जळत्या निखाऱ्याची आच काही शेकडा अंशांची असते, आणि गोळ्याचा गाभा शिजावयास शंभर अंशांच्याही आतली उष्णता पुरे होते. ह्या दोहोंमध्ये मध्यस्थी करते ती राख. राखेच्या बारीक कणांमध्ये हवा कोंडलेली असते. तिच्यातून उष्णता हळूहळू झिरपते. त्याचबरोबर राख निखाऱ्याला हवा कमी मिळू देते, म्हणून तो भडकतही नाही आणि विझतही नाही. तासभर धुमसत राहतो.

आता एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सहा माणसांसाठी दीड किलो पिठाचे रोडगे केले तर पाणी व तेल धरून गोळ्यांचे वजन सव्वादोन किलोंच्या आसपास भरते. ते तापवून शिजविण्यास व त्यातील पाव-एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे पावणेतीनशे किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या गोवऱ्या एक किलो जाळल्या तर अदमासे तीन हजार किलोकॅलरी निघतात. म्हणजे आठ किलो गोवऱ्या पेटविल्या तर चोवीस हजार! त्यांपैकी रोडग्यांच्या पोटात गेली ती शेकडा एक-सव्वा. उरलेली सातपुड्याच्या थंडीला अर्पण झाली. बंडीत गोवऱ्यांचे पोते असे तेव्हा ह्या उधळपट्टीची कोणाला क्षिती नव्हती. पोते पाठीवर घ्यावयाचे झाले म्हणजे मात्र ह्या शेकडा नव्व्याण्णवांचा विचार करणे भाग पडते.

ह्यावर तोडगा म्हणून कोणी लाकडी कोळसा सुचवितात. कोळशाच्या एका किलोत गोवऱ्यांच्या दुपटीहून अधिक उष्णता असते, ती सात हजारांच्या घरात जाते. तेव्हा ओझे निम्म्याहून कमी होते, हे खरे. पण कोळशाची राख शेकडा पाचांहूनही कमी पडते, आणि शेणाच्या गोवरीची शेकडा वीस किंवा त्याहूनही जास्त. कोळशाला आच आहे, पांघरूण नाही. कोळशावर रोडगे करावयास बसलेल्या नवशिक्यांचे गोळे काळे होतात ते ह्यामुळेच. कोळसाच न्यावयाचा असेल तर घरच्या चुलीची किंवा जुन्या गोवऱ्यांची चाळलेली राख एका पिशवीत बरोबर घ्यावी लागते. म्हणजे वाचविलेल्या ओझ्यातले काही पुन्हा पाठीवर येते. शिवाय वऱ्हाडी जिभेला गोवरीच्या धुराचा जो किंचित वास रोडग्यात हवा असतो तो कोळशात नाही. ह्या वासाला शास्त्रीय नाव काय द्यावे ते देवो. पण तो नसला म्हणजे घरची म्हातारी पहिल्या घासाला ओळखते.

अधिक चांगला उपाय खड्ड्याचा आणि झाकणाचा आहे. हातभर रुंद व वीतभर खोल खड्डा खणून त्यात गोवऱ्या पेटविल्या, तर कडांनी जाणारी उष्णता मातीत अडते आणि मातीच मग शेकोटीचे काम करू लागते. परंतु यात्रेच्या जागी सर्वत्र खणू देतात असे नाही, आणि जानेवारीत पहाटेच्या दवाने जमीन ओली असली तर निम्मी आच ती वाळविण्यातच जाते. अशा वेळी कामास येते ते गवंड्याचे साधे लोखंडी घमेले. तेही एक नव्हे, दोन.

घमेल्याची योजना अशी. खालच्या घमेल्यात तीन सपाट दगडांवर बूड टेकवून गोवऱ्यांचे तुकडे विहिरीच्या कठड्याप्रमाणे उभे रचावेत. मधल्या पोकळीत मूठभर पऱ्हाट्या घालून पेटवाव्यात. अर्ध्या तासात धूर सरतो आणि गोवऱ्या लाल होऊन वर पांढरी राख धरू लागतात. हा धूर सरण्यापूर्वी रोडगे टाकण्याची घाई बहुतेक ठिकाणी होते, आणि मग जेवणाला कडवट चव येते. धूर सरला की गोळे वर मांडून चिमट्याने फिरवीत दहा मिनिटे साल धरू द्यावी. मग निखारे मोडून त्यांत गोळे पुरावेत, वर राख सारावी, आणि दुसरे घमेले पालथे घालावे. कडेला एक बोटभर जाडीचा खडा ठेवून फट राहू द्यावी. ती फट मोठी केली की आच चढते, लहान केली की उतरते. शिकागोच्या कामगाराने गोळा कापून जे साधले तेच बडनेऱ्याच्या लोखंडवाल्याकडून दोन घमेली आणून साधते. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी एखादा गोळा काढून पाहावा. साल तडकलेली असली आणि बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर झाला. ह्या रीतीने गोवऱ्यांचा खर्च निम्म्यावर येतो, म्हणजे आठांऐवजी चार किलो पुरतात.

घमेले विकत घेताना एक खबरदारी घ्यावयास हवी. हल्ली बाजारात प्लॅस्टिकची घमेली तर असतातच, पण लोखंडी घमेल्यांवरही पुष्कळदा जस्ताचा चकचकीत मुलामा असतो. ते पावसात गंजत नाही म्हणून गवंड्याला सोयीचे. विस्तवाला मात्र ते चालत नाही. लाल निखाऱ्यांनी जस्ताचा मुलामा वितळतो आणि त्याचा धूर छातीला अपायकारक असतो. काळे, साधे, मुलामा नसलेले लोखंडी घमेलेच घ्यावे, आणि पहिल्यांदा घरी रिकामेच तापवून त्यावरचे तेल-रंग जाळून टाकावे.

ह्या दोन घमेल्यांचे वजन साडेतीन किलोंपर्यंत भरते. कोणी म्हणेल, हे तर ओझे वाढले. परंतु प्रवासात एक घमेले दुसऱ्यावर पालथे घालून दोरीने बांधले की ती पेटी होते. आत पातेली, मसाल्याचे डबे, तूप, चिमटा सारे मावते. पोहोचल्यावर त्यांचीच चूल आणि त्यांचेच झाकण. परतताना विझलेली राख आत घालून नेता येते. एकाच वस्तूने तीन कामे करावीत, हे तत्त्व ओझे कमी करण्याच्या कामी सर्वांत फलदायी आहे. गोणपाटाचेही तसेच. जाताना त्यात गोवऱ्या, तेथे बसावयास तेच, आणि रोडगे निघाल्यावर झाडलेल्या गोणपाटात घालून दोघांनी दोन टोके धरून हलविले की, राख झडून गोळे स्वच्छ होतात. गरम घमेले उचलावयासही त्याचीच घडी. फक्त ती कोरडी असावी; ओल्या कापडातून चटका तत्काळ लागतो, कारण पाणी उष्णता हवेपेक्षा फार लवकर पोहोचविते.

आता काय ठेवून जावे हे पाहू. पहिला मान पाटा-वरवंट्याचा. ह्या दगडी जोडीचे वजन बारा-पंधरा किलो सहज असते, आणि बंडीच्या जमान्यात मटणाचा मसाला तेथेच ताजा वाटला पाहिजे असा दंडक होता. सुके खोबरे, खसखस, धने व गरम मसाला घरीच भाजून कोरडे कुटून नेले, आणि कांदा तेथे निखाऱ्यात भाजून चाकूने बारीक करून त्यात मिसळला, तर वाटणातले तीन-चतुर्थांश साधते. उरलेल्या एका चतुर्थांशासाठी पंधरा किलो दगड वाहावा काय, ते ज्याचे त्याने ठरवावे. पोळपाट-लाटण्याची तर मुळीच गरज नाही. पाऱ्या तळहाताने थापल्या तर रोडग्याला अधिक शोभतात. पितळी परातीऐवजी स्टीलचे थाळे. विळीऐवजी सुरी. ताटांऐवजी पळसाच्या वाळलेल्या पत्रावळी व द्रोण. त्यांचे वजन नगण्य, आणि जेवणानंतर धुण्याचे पाणी वाचते.

पाणी हा सर्वांत जड जिन्नस असून त्याचाच विसर पडतो. लिटरला किलो, हा हिशेब कोणालाही चुकविता येत नाही. पूर्वी बंडीच्या मागल्या अंगास पाण्याचे पिंप बांधीत. आता रिकामे डबे न्यावेत आणि तेथे भरून घ्यावेत. आणि मुळातच पाणी कमी लागेल अशी व्यवस्था करावी. वरणाच्या पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा पातळ लेप द्यावा, ही जुन्या बायांची युक्ती अशा वेळी फार मोलाची ठरते. काजळी लेपावर बसते आणि नंतर एका हाताने पुसली जाते. घासावयास बादलीभर पाणी लागत नाही. तुरीची डाळ दोन तास अगोदर भिजत घातली तर ती लवकर शिजते, आणि भिजविलेले पाणीही शिजविण्यास कामी येते. काही जण कुकर नेतात. कुकरात डाळ झटपट होते ह्यात वाद नाही, पण उघड्या जाळावर त्याच्या दांड्या करपतात, आणि शिटीच्या आवाजाने यात्रेतही घरच्या स्वयंपाकघराचीच आठवण होते.

पिठाच्या बाबतीत एक युक्ती विशेष सांगण्याजोगी आहे. कणीक घरी भिजवून नेली तर पाच-सहा तासांच्या प्रवासात ती सैल पडते, कधी आंबूस होते. उलट सारे जिन्नस सुटे नेले तर तेलाची बाटली, मिठाची पुडी, ओव्याची डबी असे लटांबर वाढते. म्हणून मीठ, ओवा, हळद व मोहन घरीच पिठात चोळून ते पीठ स्वच्छ कापडी पिशवीत भरावे. असे मोहन लावलेले कोरडे पीठ थंडीच्या दिवसांत दोन दिवस उत्तम राहते. तेथे फक्त पाण्याने भिजवावयाचे. माळव्यात बाफले नावाचा जो गोळा करतात तो आधी पाण्यात उकडून मग भाजतात. त्या रीतीने रोडगे घरून उकडून नेले तर निखाऱ्यावर केवळ साल भाजावयाची राहते आणि दोन किलो गोवऱ्यांत काम होते. वेळेच्या व ओझ्याच्या दृष्टीने ही रीत बिनतोड आहे. पण उकडलेल्या गोळ्याचे पदर एकमेकांस चिकटतात, खुसखुशीतपणा जातो. ज्यांस रोडगा तुपात कुस्करून खावयाचा आहे त्यांनी ह्या सोयीच्या वाटेस जाऊ नये, हेच बरे.

पदर, पाऱ्या ह्यांचीही यातायात नको असेल त्यांच्यासाठी पानग्यांची सोय आहेच. घट्ट पिठाचा चपटा गोळा पळसाच्या दोन पानांमध्ये दाबून निखाऱ्यात भाजतात. पान जळते व आतला पानगा शिजतो. पानाच्या आवरणामुळे राख चिकटत नाही. परंतु नवस रोडग्याचा असेल तर पानग्यावर देवाची बोळवण करावी काय, ह्याविषयी घरोघर मतभेद होतील.

मटणाच्या हंडीचा प्रश्न जरा अवघड आहे. मातीची हंडी ही ह्या जेवणाचा प्राण. माती उष्णता सावकाश घेते व सावकाश सोडते. त्यामुळे रस्सा खदखदत नाही, केवळ हलतो, आणि मांसातील चिवट तंतू दोन-तीन तासांत विरघळून रश्श्याला दाटपणा येतो. तांब्या-पितळेच्या पातेल्यात हे साधावयाचे म्हणजे जाळापाशी माणूस बसवून ठेवावे लागते. हंडी मोठी असली तर ती एस. टी. च्या धक्क्यांत फुटते. यात्रेच्या बाजारात कुंभाराची नवी हंडी घेता येते, पण नवी हंडी विस्तवावर चढविण्यापूर्वी रात्रभर पाण्यात ठेवून, मग तीत पेज उकळून मुरवावी लागते. तसे न केले तर ती तडकते किंवा सारा रस्सा मातीचा वास घेतो. एका दिवसात जाऊन येणाऱ्याला एवढा अवकाश कोठून मिळणार? तेव्हा घरी वापरून मुरलेली, दीड किलो मांस मावेल एवढीच लहान हंडी धोतराच्या घडीत गुंडाळून हातात न्यावी. मांस मात्र तेथेच घ्यावे. पाच तास पिशवीत कोंडलेले मांस डिसेंबरच्या थंडीतही विश्वासाचे नसते. हंडी निखाऱ्यांवर बसविली की झाकणाच्या कडा कणकेने लिंपाव्यात आणि वाफ जाण्यास सुईच्या टोकाएवढी जागा ठेवावी.

ज्यांच्या घरी मांस चालत नाही, त्यांचे ओझे अर्थातच हलके. वांगी हीच त्यांची हंडी. रोडग्यांबरोबर झणझणीत रश्श्याची वांग्याची भाजी हा परिपाठ आहे. पण एक पातेले व तेलाचा डबा कमी करावयाचा असेल तर वांगी त्याच निखाऱ्यांत भाजून हिरवी मिरची, कांदा व मीठ घालून भरीत करावे. ह्यात कमीपणा काहीच नाही. देवापुढील पशुहत्या थांबावी म्हणून ज्यांनी गावोगाव कीर्तने केली ते गाडगेबाबा ह्याच जिल्ह्यातले. शेंडगावी १८७६ साली जन्मले. फुटक्या मडक्याचे एक गाडगे एवढाच त्यांचा सरंजाम. त्यातच ते भाकरी घेत, त्यातच पाणी पीत, आणि वेळप्रसंगी तेच डोक्यावर घालीत. वस्तू कमी करण्याच्या शास्त्रात वऱ्हाडाने आणखी कोणाकडून धडे घ्यावयास नकोत.

राहता राहिला वडीलधाऱ्यांचा आक्षेप. नवस बोलला गेला तो वीस माणसांच्या एकत्र कुटुंबात, आणि तो बहुधा सव्वा पायलीचा असतो. पायलीचे माप गावोगाव निरनिराळे असले तरी पाच माणसांच्या घराला ते कोठेही जड जाते. सामान कमी करणे म्हणजे देवाला फसविणे, अशी शंका म्हातारीच्या मनात येते आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु नवसात माप पिठाचे असते, वाहणाराचे नव्हे. एकाच कुळातील जुन्या वस्तीतले एक घर आणि नव्या वस्तीतली दोन घरे मिळून गेली, आणि प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे मोहन लावलेले पीठ व दोन-दोन घमेली घेतली, तर सव्वा पायली भरून निघते आणि कोणाच्याही खांद्यावर भार पडत नाही. तीन घरांची तीन पातेली मात्र नेऊ नयेत. वरणासाठी एक घर, भाजीसाठी दुसरे, हंडीसाठी तिसरे, असे वाटून घ्यावे. नाहीतर प्रत्येक घर ‘असू द्यावे’ म्हणून आपली कढई घेते आणि तीन कढया रिकाम्याच परत येतात.

एका घराची गोळाबेरीज मांडावयाची तर अशी मांडता येईल. बंडीच्या काळी परात, गंज, कढई, पाटा-वरवंटा, पोळपाट, ताटे, पाणी आणि गोवऱ्यांचे पोते मिळून ऐंशी किलोंच्या आसपास सामान होई. वरील रीतीने दोन घमेली, लहान हंडी, एकात एक बसणारी दोन पातेली, थाळे, चिमटा-पळी-सुरी, गोणपाट, पीठ, डाळ, वांगी, मसाला, तूप, पत्रावळी आणि चार किलो गोवऱ्या धरून ते साडेसोळा किलोंवर येते. दोघांनी वाटून घेतले तर प्रत्येकी सव्वाआठ. शाळकरी मुलाच्या दप्तराहून हे थोडेच जड म्हणावयाचे.

विस्तवाविषयी दोन गोष्टी निक्षून सांगावयास हव्यात. गॅसची लहान टाकी किंवा रॉकेल बरोबर घेऊन सुटसुटीतपणा साधण्याचा मोह कित्येकांना होतो. आगगाडीच्या डब्यात असे पदार्थ नेणे हा रेल्वेच्या १९८९ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, एस. टी. तही पन्नास माणसांच्या जिवाशी असा खेळ करणे कोणास शोभत नाही. बडनेऱ्याहून गाडीने कोठेही रोडग्यांना जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. तसेच बहिरमहून पुढे मेळघाटाच्या जंगलात शिरून ‘एकांतात’ चूल मांडण्याची हौस धरू नये. राखीव जंगलात विस्तव पेटविण्यास १९२७ च्या वनकायद्याने मनाई आहे, आणि जानेवारीत वाळलेल्या गवताला एक ठिणगीही पुरते.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. सातपुड्याच्या पायथ्याची रात्र थंड असते, आणि जेवणे झाल्यावर घमेल्यात निखारे अजून धगधगत असतात. ते घमेले राहुटीत घेऊन, कनाती बंद करून, उबेला झोपण्याची चूक माणसे करतात. अर्धवट जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. घमेले बाहेरच राहिले पाहिजे, मग थंडी कितीही असो. राखेखाली निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत असतो, म्हणून निघण्यापूर्वी वरचे घमेले काढून राख पसरावी, उरलेसुरले पाणी तीवर ओतावे, हाताची पाठ जवळ नेऊन धग लागत नाही ना ते पाहावे, आणि मगच ती गोणपाटात बांधावी. बडनेऱ्यास परतल्यावर ही राख भांडी घासावयास उपयोगी पडते. चार किलो गोवऱ्यांपैकी पाऊण किलो तर नक्कीच निघते.